‘रशियन’ दुकानात रशियाचं काय असतं?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, अगदी समुद्राला लागून, ब्रायटन बीच नावाची वस्ती आहे. तिथल्या मुख्य रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवर टाकलेल्या रुळांवरून मेट्रो धडधडत जाते आणि खाली तिच्या सावलीत ओळीने दुकानं लागतात. पाट्यांवर सिरिलिक अक्षरं, म्हणजे रशियनची लिपी. ‘आप्त्येका’ म्हणजे औषधांचं दुकान, ‘गास्त्रोनोम’ म्हणजे चीज, लोणची, मासे, पाव असं सगळं मिळणारं खाण्यापिण्याचं दुकान. या गास्त्रोनोमच्या काउंटरवर गिऱ्हाइकाला विचारला जाणारा एक प्रश्न रशियन बोलणाऱ्या साऱ्या जगात विनोद म्हणून फिरतो: ‘‘वाम पस्लाइसित इलि पीसम?’’ म्हणजे, तुम्हाला स्लाइस करून देऊ की पीसच देऊ?

मॉस्कोतला माणूस हे ऐकून डोक्याला हात लावतो. भाषेची पार वाट लावली म्हणतो. पण वाक्य जरा उघडून पाहिलं तर गंमत कळते. रशियनला सहा विभक्ती आहेत. ‘सबंध तुकडा’ या अर्थाने रशियनमध्ये ‘कुस्कोम’ म्हणतात. ‘कुसोक’ म्हणजे तुकडा आणि ‘ओम’ हा आपल्या तृतीयेसारखा प्रत्यय. काउंटरवालीने ‘कुसोक’ काढून तिथे इंग्रजी ‘पीस’ बसवला, प्रत्यय मात्र जिथल्या तिथे ठेवला. ‘स्लाइस’चंही तेच. आपण ‘स्लाइस करू का’ म्हणतो तेव्हा इंग्रजी शब्दाला हात न लावता शेजारी ‘करणे’ उभं करतो. रशियन भाषा तो शब्द सरळ घरात ओढते, पुढे ‘प’ हा उपसर्ग लावते, मागे क्रियापदाचं शेपूट जोडते आणि कामाला लावते. म्हणजे शब्द दोन्ही इंग्रजी, पण वाक्याचा सांगाडा शंभर टक्के रशियन. इस्राएलमध्ये याच भाषेत हिब्रू शब्द शिरलेत. एसीला तिथले रशियन बोलणारे ‘मज़गान’ म्हणतात, गृहकर्जाला ‘मश्कांता’, आणि त्या शब्दांना सहाही विभक्ती चालवतात. भाषा मरायला लागली की आधी व्याकरण ढासळतं. इथे ते शाबूत आहे, त्यामुळे निदान या पिढीची मला काळजी वाटत नाही. पुढच्या पिढीचं वेगळं आहे, त्याकडे नंतर येते.

त्याआधी त्या काउंटरवर काय काय मांडलंय ते बघू. बीटाचं लालभडक सूप ‘बोर्श’: हे युक्रेनचं, २०२२ साली युनेस्कोने युक्रेनच्या नावावर त्याची नोंद केली. मटण-गाजराचा पुलाव ‘प्लोव्ह’: उझबेकिस्तानचा. चीज भरलेली ‘खाचापुरी’ जॉर्जियाची. (नाव वाचून तोंडाला पाणी सुटलं तरी आपल्या पुरीशी तिचा संबंध नाही. ‘पुरी’ म्हणजे जॉर्जियन भाषेत पाव.) आपल्याकडे लग्नाच्या जेवणात ‘रशियन सॅलड’ म्हणून जे वाढतात ते तिथे ‘ओलिव्हिए’ या नावाने मिळतं, १८६०च्या दशकात मॉस्कोत रेस्टॉरंट चालवणाऱ्या ल्युसिएन ओलिव्हिए नावाच्या आचाऱ्याचं नाव त्याला चिकटलं. आणि शेजारच्या ट्रेमध्ये असते लसूण-मिरची-व्हिनेगर लावलेली, शेवयांसारखी बारीक चिरलेली गाजरं. तिचं नाव ‘कोरियन गाजर’.

हे गाजर कोरियात मात्र कुणाला माहीत नसतं. सोव्हिएत रशियाच्या अतिपूर्वेकडे कोरियन शेतकऱ्यांची मोठी वस्ती होती. १९३७ साली, ही मंडळी जपानची हेर असतील या संशयावरून, स्टालिनच्या सरकारने सुमारे १ लाख ७२ हजार कोरियनांना मालगाड्यांत भरलं आणि हजारो किलोमीटर लांब कझाकस्तान-उझबेकिस्तानच्या ओसाड माळावर नेऊन सोडलं. किमचीला लागणारा कोबी तिथे नव्हता. गाजर होतं. मग किमचीचा मसाला गाजराला लागला. पुढे ते गाजर सोव्हिएत संघातल्या सगळ्या भाजीबाजारांत पोचलं, आणि संघ मोडल्यावर माणसांच्या सामानासोबत ब्रुकलिन, बर्लिन, इस्राएलमधल्या अश्दोदला गेलं. आज कुठल्याही देशातल्या ‘रशियन’ दुकानात ते असतंच.

म्हणजे दुकानात रशियाचं असं थोडंच. मग दुकान ‘रशियन’ कशाने? त्या ट्रेसमोर उभं राहून उझबेक, जॉर्जियन, युक्रेनियन, ज्यू, कोरियन अशी सगळी माणसं ज्या एका भाषेत दोनशे ग्रॅम मागतात, त्या भाषेने. परदेशात ‘रशियन समाज’ म्हणतात तो असा भाषेने जमलेला आहे. खुद्द रशियन भाषेत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत: वंशाने-भाषेने रशियन तो ‘रूस्की’, रशिया या देशाचा नागरिक तो ‘रस्सियानिन’ (मग तो तातार असो की चेचेन), आणि नुसतं रशियन बोलणारा तो ‘रुस्कयज़ीच्नी’. मराठीत आणि इंग्रजीत तिघांनाही आपण ‘रशियन’च म्हणतो, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

ब्रायटन बीचला १९७०च्या दशकात जे आले ते बहुतेक ज्यू होते. सोव्हिएत संघात ‘ज्यू’ हा धर्म नव्हता, ‘राष्ट्रीयत्व’ होतं. देशांतर्गत पासपोर्टात तसा रकाना असे. सोळाव्या वर्षी पासपोर्ट मिळताना आईवडिलांचं जे राष्ट्रीयत्व ते मुलाच्या नावापुढे पडायचं: रशियन, युक्रेनियन, आर्मेनियन, ज्यू. नोकरीच्या फॉर्मवर हा रकाना पाचवा असायचा, म्हणून ‘पाचवा रकाना’ हा शब्दप्रयोगच झाला. त्यात ‘ज्यू’ असलं की काही विद्यापीठांची दारं, काही नोकऱ्या गुपचूप बंद व्हायच्या. तिथे दिव्यांगांचे सरकारी गट तीन होते. ज्यू माणसं स्वतःला ‘पाचव्या गटाचे अपंग’ म्हणवून घ्यायची. घरी रशियन बोलायची, पुश्किन पाठ असायचा, हिब्रूचं अक्षर ओळखता यायचं नाही, तरी कागदावर रशियन नाहीत.

देश सोडायचा अर्ज केला की नोकरी जायची, आणि परवानगी नाकारली तर माणूस वर्षानुवर्षं लटकायचा. अशांना ‘अत्काझ्निक’ म्हणत, नकार मिळालेले. परवानगी मिळालेले आधी व्हिएन्नाला जायचे. ज्यांना अमेरिका हवी ते तिथून इटलीत, रोमजवळच्या ओस्तिया आणि लादिस्पोली या समुद्रकाठच्या गावांत, व्हिसाची वाट बघत काही महिने काढायचे. सोबत आणलेली कॅमेऱ्याची भिंगं, लाकडी बाहुल्या, तागाच्या चादरी बाजारात विकून दिवस ढकलायचे. मग न्यूयॉर्क. ब्रायटन बीच तेव्हा पडझडीला आलेलं, भाडी स्वस्त, आणि समोर समुद्र. काळ्या समुद्रावरच्या ओदेसाहून आलेले बरेच होते, त्यामुळे वस्तीला ‘लिटल ओदेसा’ हे नाव पडलं. आणि शेजारीपाजारी, पोलीस, वर्तमानपत्रं सगळे त्यांना म्हणायला लागले ‘रशियन’. आयुष्यभर जे होऊ दिलं नाही ते विमानातून उतरताच फुकट मिळालं. ‘तिथे आम्ही ज्यू होतो, इथे रशियन झालो’ हे वाक्य त्या पिढीच्या तोंडी इतकं बसलंय की ते पहिल्यांदा कोण म्हणालं ते शोधण्यात अर्थ नाही.

जर्मनीत हीच गोष्ट उलट्या अंगाने घडली. १७६३ साली रशियाच्या राणी कॅथरीनने (ती मूळची जर्मनच) जाहीरनामा काढून जर्मन शेतकऱ्यांना व्होल्गाकाठी वसायला बोलावलं. पावणेदोनशे वर्षं ते तिथे राहिले. हिटलरने हल्ला केल्यावर, २८ ऑगस्ट १९४१ च्या हुकुमाने, व्होल्गाकाठच्या सगळ्या जर्मनांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलं. शाळा गेल्या, भाषा घरातल्या आजीपुरती उरली, मुलं रशियन बोलत वाढली आणि तरी शाळेत ‘फॅसिस्ट’ म्हणून चिडवून घेत. १९८०च्या दशकाच्या शेवटी दार उघडलं तेव्हा यांतले आणि यांच्या घरचे मिळून वीस लाखांहून जास्त लोक जर्मनीत आले, पूर्वजांच्या देशात. जर्मनीने पासपोर्ट दिला आणि शेजाऱ्यांनी नाव दिलं: ‘रशियन’. १९९६ पासून तर जर्मन भाषेची परीक्षाही आली. जाता जाता एक सांगते, जर्मन माणसाला रशियनमध्ये ‘न्येमेत्स’ म्हणतात, आणि तो शब्द ‘मुका’ या शब्दापासून आलाय. आपली भाषा न बोलणारा तो मुकाच. आपल्या ‘म्लेंच्छ’ शब्दाच्या मुळाशी अस्पष्ट बोलणं हाच अर्थ आहे, तेव्हा हसायला नको.

इस्राएलला मात्र हा लोंढा सगळ्यात जोरात आदळला. १९८९ च्या शेवटी अमेरिकेने व्हिएन्ना-रोमचा रस्ता बंद केला आणि त्याच सुमारास सोव्हिएत सीमा उघडल्या. १९९० आणि १९९१ या दोनच वर्षांत तीन लाखांहून जास्त लोक उतरले. पुढे हा आकडा दहा लाखांच्या घरात गेला. अख्ख्या देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आत होती. सर्जन, व्हायोलिनवादक, खाणीतले इंजिनिअर एवढे आले की जागाच नव्हत्या. डॉक्टर रस्ते झाडतात, अशी दृश्यं खरोखरची होती. पण माणसं जास्त असल्याचा फायदाही झाला. १९९१ मध्ये तेल अवीवमध्ये ‘गेशेर’ नावाची नाटक कंपनी निघाली, जिच्यात नट आधी रशियनमध्ये आणि मग हिब्रूत काम करायला लागले. १९९६ च्या निवडणुकीत नातान शारान्स्की या जुन्या अत्काझ्निकच्या पक्षाने संसदेत सात जागा जिंकल्या.

आणि नववर्षाच्या झाडावरून भांडणं झाली. सोव्हिएत सरकारने नाताळ मोडीत काढला होता, पण १९३५ साली त्याचं सजवलेलं झाड ३१ डिसेंबरला हलवून परत आणलं. त्यामुळे सोव्हिएत ज्यूंना ते झाड म्हणजे मंदारिन संत्री, ओलिव्हिए आणि रात्री बाराचे ठोके; येशूचा त्यात मागमूस नाही. इस्राएली शेजाऱ्याला खिडकीतून दिसायचं ते ख्रिसमस ट्री. ‘आता हे ज्यू तरी आहेत का?’ ही शंका तिथे नुसती कुजबुज नव्हती, तिला कायद्याचा आधार होता. ज्यूंना नागरिकत्व देणाऱ्या कायद्यातल्या १९७० च्या दुरुस्तीप्रमाणे आजी-आजोबांपैकी एक जण ज्यू असला तरी नागरिकत्व मिळतं. धर्मपीठाच्या लेखी मात्र आई ज्यू हवी. लग्न लावायचा अधिकार धर्मपीठांकडे असल्यामुळे, सैन्यात नोकरी केलेल्या तरुणालाही लग्नासाठी सायप्रसचं विमान पकडावं लागतं.

हे वाचताना मराठी माणसाला आपली बेने इस्राएली मंडळी आठवायला हवीत. अलिबाग-नवगावच्या किनाऱ्यावरून कोकणभर पसरलेले, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’. कोकणात ते ज्यू म्हणून वेगळे होते. इस्राएलमध्ये गेल्यावर ‘होदी’, म्हणजे हिंदी, म्हणून वेगळे पडले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांना आडकाठी केली, पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरावे मागितले. निदर्शनं झाली, संसदेपर्यंत प्रकरण गेलं आणि १९६४ मध्ये वेगळा नियम मागे घ्यावा लागला. पेणकर-रोहेकरांनी जे भोगलं तेच तीस वर्षांनी दुसऱ्या भाषेत घडलं. मराठीतलं ‘मायबोली’ हे त्रैमासिक याच देशातलं.

आता त्या पुढच्या पिढीकडे, म्हणजे परदेशात जन्मलेल्या मुलांकडे. रशियनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत आणि बहुतेक वेळा ती शब्दाच्या शेवटावरून कळतात: व्यंजन असेल तर पुल्लिंग, ‘आ’ असेल तर स्त्रीलिंग, ‘ओ’ असेल तर नपुंसकलिंग. पण आघात नसेल तर ‘ओ’चा उच्चार रशियनमध्ये ‘अ’कडे झुकतो. सफरचंदाला लिहितात ‘याब्लोको’, कानावर पडतं ‘याब्लका’. शाळेत वाचायला शिकलेल्या मुलाला शेवटी ‘ओ’ आहे हे माहीत असतं. ब्रुकलिनमधल्या मुलाने तो शब्द फक्त आजीच्या तोंडून ऐकलेला असतो, त्यामुळे तो सफरचंदाला स्त्रीलिंगी करून टाकतो. उलट खिडकीला ‘अक्नो’ म्हणतात, तिथे आघात शेवटी असल्याने ‘ओ’ खणखणीत ऐकू येतो आणि नपुंसकलिंग वाचतं. ज्यांचं रशियन फारच पातळ झालंय त्यांच्या बोलण्यात तीन लिंगांची दोनच उरतात, असं अशा घरभाषांचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलंय. म्हणजे मूल चुकत नसतं. जे ऐकू येतं त्यावरून ते नियम बरोबर बसवत असतं. माझी पुण्यात वाढणारी भाची ‘तो पुस्तक’ म्हणते. दोष हिंदी कार्टूनचा की इंग्रजी शाळेचा, यावर आमच्या घरी अजून निकाल लागलेला नाही.

व्याकरणाआधी एक गोष्ट मात्र नक्की जाते, ती म्हणजे वडिलांचं नाव. रशियनमध्ये आदराने हाक मारायची तर साहेब, ताई, काका असं काही लावत नाहीत. नाव आणि पुढे वडिलांच्या नावावरून केलेलं रूप घेतात. मी पुण्यात संध्याकाळच्या रशियनच्या वर्गाला जायचे तेव्हा बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांची नावं करून दिली होती. वडील वसंत, म्हणून मी वसंतोव्हना. शेजारच्या बाकावरचा वसंतोविच निघाला तेव्हा भाऊ-बहीण म्हणून वर्गभर चिडवाचिडवी झाली. आपल्याकडे वडिलांचं नाव फॉर्मवर असतं, तोंडात नसतं. त्यांच्याकडे ते तोंडातच असतं. मायदेशी तीस वर्षं गणित शिकवलेल्या आन्ना सेर्गेयेव्हनाबाई अमेरिकेतल्या बँकेत पहिल्याच दिवशी नुसत्या ‘अ‍ॅना’ होतात. आडनावाचीही तीच तऱ्हा: नवरा इव्हानोव्ह, बायको आणि मुलगी इव्हानोव्हा. दोन आडनावं कशी, हे दर खिडकीवर समजावून कंटाळलेले आईबाप अमेरिकेत जन्मलेल्या मुलीचं आडनाव सरळ इव्हानोव्हच लावून टाकतात.

आधीची पिढी याच्या बरोबर उलट वागली होती. १९१७ च्या क्रांतीनंतर आणि यादवीत हरल्यावर जे पळाले ते. नोव्हेंबर १९२० मध्ये क्रिमियाहून शंभरावर जहाजांतून दीड लाख माणसं इस्तंबूलकडे निघाली. बर्लिनच्या शार्लोटनबुर्ग भागात एवढे रशियन झाले की लोक त्याला ‘शार्लोटनग्राद’ म्हणायचे. पॅरिसमध्ये झारच्या सैन्यातले अधिकारी टॅक्सी चालवायचे, रेनोच्या कारखान्यात उभे राहायचे. हे सगळे बोचकं बांधूनच बसले होते, आज ना उद्या परत जायचंय म्हणून. बोल्शेविकांनी १९१८ मध्ये शुद्धलेखन बदलून काही अक्षरं काढून टाकली होती, शब्दाच्या शेवटी येणारं, उच्चारच नसलेलं चिन्हही. परदेशातल्यांनी ते मानलं नाही. १९३३ चं नोबेल मिळालेले इव्हान बूनिन यांना तर नव्या लेखनाचा तिटकारा होता. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी ‘नांव’, ‘कांहीं’वरचे अनुस्वार उडवले, समजा, त्याआधी गेलेल्या एखाद्या मराठी वस्तीने हट्टाने अनुस्वार देत वर्तमानपत्र चालवलं असतं, तसं. विमानाला ते ‘एरोप्लान’ म्हणत राहिले, मायदेशात तोवर ‘समल्योत’ झालं होतं. पुढे १९७०च्या दशकात नवे लोक आले तेव्हा जुन्यांना त्यांची भाषा सरकारी कचेरीतल्यासारखी वाटली आणि नव्यांना जुन्यांची नाटकातल्यासारखी.

फेब्रुवारी २०२२ नंतर काउंटरवरचा हा सगळा कारभार अवघड झाला. ‘लिटल ओदेसा’तलं ओदेसा युक्रेनमध्ये आहे, आणि त्यावर रशियाची क्षेपणास्त्रं पडत होती. ब्रायटन बीचवरच्या एका दुकानाने नावात ‘रशिया’ असलेली पाटी उतरवून ठेवली. ज्यांची मातृभाषाच रशियन, असे खार्किव्हचे, ओदेसाचे कितीतरी लोक ठरवून युक्रेनियन बोलायला लागले. झेलेन्स्की स्वतः रशियन बोलत वाढलेले. वयाच्या पन्नाशीत घरातली भाषा बदलणं म्हणजे काय, ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही. शिवी आणि पाढे शेवटपर्यंत जुन्याच भाषेत येतात.

आणि खुद्द रशियातून नवी माणसं बाहेर पडली. सप्टेंबर २०२२ मध्ये सैन्यभरती जाहीर झाल्यावर जॉर्जियाच्या डोंगरी सीमेवर मोटारींची मैलोगणती रांग लागली. यांतले बरेच कॉम्प्युटरवाले. त्यांना ‘रेलोकांत’ म्हणतात. निर्वासितही नाही, स्थलांतरितही नाही, बदलीवर आल्यासारखा शब्द. जॉर्जियाने २००८ मध्ये रशियाशी युद्ध भोगलेलं, त्यामुळे राजधानी तिबिलिसीत भिंतींवर ‘परत जा’ रंगवलेलं. पन्नाशीपुढच्या जॉर्जियन माणसाला रशियन चांगलं येतं, विशीतल्याला बहुधा इंग्रजीच. म्हणून मॉस्कोहून आलेला पोरगा बेकरीत शिरला की कुणाला टोचू नये म्हणून चाचपडत इंग्रजीत खाचापुरी मागतो. भट्टीपाशी बसलेल्या आजीला इंग्रजी येत नाही. ती त्याच्याकडे नीट बघून घेते आणि रशियनमध्ये विचारते, गरम करून देऊ का?